कागदावरचे दोन तास

सोमवार, ६ मार्च

डॉक्टर म्हणाले, ऑफिसात ओरडण्यापेक्षा घरी येऊन लिहीत जा, रक्तदाब खाली येईल. म्हणून ही वही. आज तरी लिहिण्यासारखं भरपूर आहे.

सकाळी बॅग खांद्यावरून उतरवलीही नव्हती, तेवढ्यात जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातले साहेब, पाक योपी, यांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय हो इबू योसिना, तुमचं यंत्र भविष्यही सांगतं का?"

मी म्हटलं, "काय झालं ते नीट सांगा."

"वेआर बेटावरची एक बाई गेल्या महिन्यात बाळंतपणात दगावली. चौकशी लागलीय. तुमचाच छापील अहवाल माझ्या हातात आहे. ऐका. बाई दवाखान्यात आली बारा वीसला. आणि सुईणीनं तिच्यासाठी बोट मागितली दहा चाळीसला! बाई घरातून निघायच्या आधीच हिला स्वप्न पडलं? पुढे ऐका. बोट धक्क्याला लागली बारा पाचला. बाईला बोटीत घेतली अडीचला. जवळजवळ अडीच तास बोट उभी, आणि वर दवाखान्यात बाईचं रक्त जातंय. मला एकच सांगा. यंत्र चुकलंय की सुईण खोटं लिहितेय?"

यंत्र चुकलंय! तीन वर्षं झाली ही बोटमागणी चालू करून. अकरा बेटं, आणि एकदाही बंद पडलेली नाही. सुईणीनं फोनवर बटण दाबलं की समोरच्या बेटावरून, मोठ्या दवाखान्याची मोटरबोट निघते. धक्क्याला लागल्यावर बोटवाला त्याचं बटण दाबतो. या दोन वेळा यंत्र स्वतः टिपतं, तिथे कुणाचा हात पोचत नाही. बाकीच्या वेळा, बाई कधी आली, कधी हलवली, त्या सुईण हातानं भरते. मी तेव्हाच म्हटलं होतं, हातानं भरायला ठेवू नका, ही माणसं संध्याकाळी बसून आठवून आठवून भरतात. कुणी ऐकलं नाही.

पाचव्या मिनिटाला मेल लिहिला, दहाव्याला पाठवलाही. "प्रणालीत कोणताही दोष नाही. यंत्राने टिपलेल्या वेळा बदलता येत नाहीत. हाताने भरलेल्या वेळा मात्र नंतर भरल्या गेल्या असाव्यात. त्या विश्वासार्ह मानू नयेत."

चार ओळी, मुद्देसूद. ओम फ्रेडी (आमचे मालक, पण ऑफिसात सगळे त्यांना ओम, म्हणजे काकाच म्हणतात) वाचून म्हणाले, "असं लिहायला पाहिजे सगळ्यांनी." एवढं एक बरं झालं दिवसभरात.

मंगळवार, ७ मार्च

आता ती सुईणही मागे लागली. पास्कलिना रेन्यान नाव. तक्रारीच्या नंबरावर फोटो पाठवला: तिच्या फोनचा पडदा, तडा गेलेला, फोटोही तिरका. खाली लिहिलंय, "माझ्या इथे बोट मागितल्याची वेळ १२.४० दिसते. कागदावर १०.४० कशी? कृपया उत्तर द्या."

कृपया उत्तर द्या म्हणे. बावीस वर्षं तिथे आहे म्हणून सगळ्या जगानं हिचं ऐकायचं. फोनचं घड्याळ चुकलेलं असणार, दुसरं काय. बेटावर निम्म्या लोकांच्या फोनात तारीखसुद्धा बरोबर नसते. उत्तर दिलं नाही.

दुपारी बसमध्ये कुणीतरी पायावर पाय दिला आणि वर मलाच म्हणाला, "तांता, जरा सरकून उभं राहा." तांता, म्हणजे मावशी! अडतीस वर्षांची आहे मी.

गुरुवार, ९ मार्च

आज नूरनं डोकं उठवलं.

नूर म्हणजे नूरलैला तुआसिकल, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि माहितीसाठा सांभाळते. नऊ वर्षं एकत्र आहोत, मला ती उसी, म्हणजे ताई म्हणते. तिची एक सवय मला सहन होत नाही. ती कधी आवाज चढवत नाही. नुसती येऊन उभी राहते.

दुपारी जेवणाच्या वेळी येऊन उभी राहिली. एका हातात छापील अहवाल, दुसऱ्या हातात तिचा फोन. "उसी, हे बघ. फोनवर तीच नोंद उघडली. बोट मागितली बारा चाळीस. कागदावर दहा चाळीस. फोनवर बोट आली दोन पाच. कागदावर बारा पाच."

"मग?"

"दोन तास, उसी. दोन्हीकडे बरोब्बर दोन तास. खोटं बोलणारं माणूस इतकं नेमकं खोटं बोलत नाही."

मी डबा बाजूला सारला. मला लगेच कळलं काय ते. जकार्ता! आमच्यापेक्षा जकार्ताचं घड्याळ दोन तास मागे. आपला सर्व्हर भाड्याचा, जकार्तात पडलेला. तिथल्या कुणीतरी त्याचं घड्याळ जकार्ताच्या वेळेला लावलं असणार! त्यांना वाटतं, देश म्हणजे जकार्ता. पूर्वेकडे आम्ही काय मासे आहोत? आमचा सूर्य दोन तास आधी उगवतो हे त्यांच्या गावीही नसतं.

तिथल्या माणसाला फोन लावला आणि उभा-आडवा झोडला. तो शांतपणे म्हणाला, "इबू, सर्व्हर पहिल्या दिवसापासून ग्रीनिचच्या वेळेवर आहे. तुम्हीच फॉर्मात तसं मागितलं होतं. फॉर्म पाठवू का?"

म्हटलं, पाठव. पाठवला. सही माझी.

तरीही. काहीतरी त्यांनीच केलं असणार.

शुक्रवार, १० मार्च

पास्कलिनाला निलंबित केलं. नोंदींमध्ये फेरफार, असं कारण. पाक योपींनी ओम फ्रेडींना निरोप दिला, "तुमच्या मेलमुळे काम सोपं झालं, आभार." ओमनी तो सगळ्यांना वाचून दाखवला.

नूर माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे.

सोमवार, १३ मार्च

मीच आहे.

राग तर आलाय, पण तो कुणावर काढू? शनिवार-रविवार घालवले, चर्चलाही गेले नाही. आज सकाळी अकराला सापडलं.

साठ्यात वेळ ग्रीनिचची ठेवायची, आणि दाखवताना ज्या गावात दाखवायची त्या गावची करून दाखवायची, हा साधा नियम. गेली पंधरा वर्षं मी नवीन पोरांना हेच शिकवते. फोनच्या पडद्यावर ते काम फोन स्वतः करतो, म्हणून तिथे वेळ बरोबर. पण छापील अहवाल तयार होतो सर्व्हरवर. तिथे वेळ दाखवायला प्रोग्रामची एक छोटी कृती लिहिलेली आहे. सहा ओळींची. ती उघडली. ग्रीनिचच्या वेळेत सात तास मिळवा, असं लिहिलंय. सात! सात म्हणजे जकार्ता. आमचे नऊ.

वर नाव: यो. तुहुमुरी, म्हणजे मी. तारीख २०१७ सालची. तेव्हा आम्ही जकार्तातल्या एका दातांच्या दवाखान्याचं काम केलं होतं. त्यातून ही कृती मी उचलली आणि इथे चिकटवली. वाचलीही नाही. चालत होती ना, म्हणून. मृत्यू झाला तरच हा अहवाल छापतात. तीन वर्षांत पहिल्यांदा छापला, म्हणून कुणाला दिसलं नाही.

बारा चाळीसला सुईणीनं बोट मागितली होती. पेशंट आल्यावर वीस मिनिटांत. मी त्याचे दहा चाळीस केले. बोट आली दोन पाचला, मी ती बारा पाचला आणली. आणि सुईणीनं भिंतीवरच्या घड्याळात बघून जे खरं लिहिलं, ते माझ्या खोट्याशेजारी खोटं दिसायला लागलं.

याहून वाईट पुढे. जुन्या चर्चा चाळताना नूरची चिठ्ठी सापडली, दोन वर्षांपूर्वीची. "उसी, छापील अहवालात वेळेपुढे 'पूर्व विभाग' असं लिहूया का? म्हणजे कुठली वेळ ते कळेल." त्याखाली माझं उत्तर: "सगळे एकाच जिल्ह्यात राहतात, दुसरी वेळ येणार कुठून? रकाना अरुंद आहे, दोन ओळी होतात, घाण दिसतं. नको."

घाण दिसतं.

तो शब्द लिहायला लागले असते, तर कुठली वेळ लिहायची हे बघायला तरी ती सहा ओळींची कृती उघडली असती मी. नूरनं या चिठ्ठीबद्दल गुरुवारी अवाक्षर काढलं नाही. तिनं बोंब मारली असती तर बरं वाटलं असतं. मी तिच्यावरच चिडले, "तुला आठवत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "बोलले होते, उसी. दोन वर्षांपूर्वी."

मंगळवार, १४ मार्च

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. सातच्या जागी ज्या त्या बेटाचा विभाग, आणि वेळेपुढे विभागाचं नाव. रकाना दोन ओळींचा झाला. होऊ दे.

नवा अहवाल छापून ओम फ्रेडींसमोर ठेवला. त्यांनी केळ्याची भजी खाता खाता वाचला, बोटं पुसली आणि दार लावून घेतलं.

"दुरुस्त झालं ना?"

"हो."

"छान. मग पुढचे अहवाल बरोबर येतील."

"ओम, मागचा चुकलाय. त्यावर एका बाईची नोकरी गेलीय."

"गेलेली नाही. निलंबन आहे. चौकशी आहे सोमवारी, तिथे ती आपली बाजू मांडेल."

"कशाच्या जोरावर मांडेल? कागद आपण दिलाय! वर मी मेल लिहिलाय की तिच्यावर विश्वास ठेवू नका!"

"नोना," हे मला ते लाडीगोडी लावायची असली की म्हणतात, "मे महिन्यात करार नव्यानं व्हायचाय. अकरा बेटांचे पुढच्या वर्षी वीस होतील म्हणतायत. या ऑफिसात सहा घरं जेवतात. तू एका चुकीपायी सहा घरांवर पाणी सोडणार?"

"मी योपींना नवा अहवाल पाठवते. त्यांना ठरवू दे."

"पाठव," म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. योपींचं उत्तर जेवणाआधी आलं. "निष्कर्ष तयार आहेत. तांत्रिक कागद चौकशीनंतर जोडता येईल."

चौकशीनंतर! म्हणजे आधी फाशी द्या, मग साक्ष घ्या.

खुर्ची लाथाडली मी. चाकं होती, ती बिचारी पार पाणी प्यायच्या यंत्रापर्यंत गेली. रजेचा अर्ज टाकलाय, उद्यापासून, वेआरला आणि चौकशीला जायला. ओम म्हणाले, स्वतःच्या खर्चानं जा, आणि कंपनीच्या वतीनं एक शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, कंपनीला बोलायला तोंड आहे कुठे?

शनिवार, १८ मार्च, वेआर

काल पंख्याच्या विमानानं जिल्ह्याच्या गावी, आज तीन तास बोट. ओहोटी होती, शेवटचा टप्पा गुडघाभर पाण्यातून चालत. इथूनच त्या बाईला खाली आणली असणार.

बाईचं नाव ओक्तोविना. चोवीस वर्षांची. हे मला आज कळलं. अहवालात फक्त क्रमांक असतो. अहवालाचा आराखडाही माझाच.

दवाखान्याला बाहेरून कुलूप. पास्कलिना शेजारच्या घरात राहते. दारात बसून साबुदाण्याच्या झाडाची कडक वडी चहात बुडवून खात होती. पन्नाशीची, आडव्या हाडाची. मी नाव सांगितलं. ती उठली नाही.

"म्हणजे यंत्रवाल्या तुम्हीच."

"हो. मी... इबू बिदान, सुईणबाई, मी सांगायला आले की चूक..."

"थांबा." आत गेली, एक कागद घेऊन आली, माझ्या हातात दिला. माझा मेल. छापून, शिक्का मारून. "वाचा."

"मला माहीत आहे त्यात काय..."

"मोठ्यानं वाचा. तुम्ही लिहिलंत, तुम्ही वाचा. इथे दवाखान्याच्या दारावर चिकटवला होता तो. येणारी-जाणारी पोरंसुद्धा वाचत होती. ज्यांच्या नाळा मी कापल्या ती पोरं."

वाचला. 'विश्वासार्ह मानू नयेत' हे शेवटचे शब्दही वाचले.

मग नवा अहवाल दिला तिला आणि सगळं सांगितलं. सात, नऊ, दातांचा दवाखाना. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमची एक ओळ चुकली."

"हो."

"मी तुम्हाला फोटो पाठवला होता. सात तारखेला. तो बघितलात?"

खोटं सांगता आलं असतं. "बघितला."

"मग?"

"मला वाटलं तुमच्या फोनचं घड्याळ चुकलंय."

ती हसली. असं हसू कुणी माझ्यावर हसू नये. "बाई, मी नाडी मोजते. सलाईनचे थेंब मोजते. कळांमधलं अंतर मोजते. माझं घड्याळ चुकलं तर माणूस मरतं. आणि तुमचं चुकलं तर?"

तिनं चहा विचारला नाही, मीही अपेक्षा केली नाही. निघताना मागून म्हणाली, "सोमवारी हे तिथे बोलणार आहात की फक्त मला सांगून मन हलकं करायला आलात?"

इतका राग आला मला तिचा. रस्ताभर तिच्याशी मनात भांडत आले. मन हलकं करायला म्हणे! खोलीवर पोचेपर्यंत भांडायला एकही मुद्दा उरला नव्हता.

सोमवार, २० मार्च

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

जिल्ह्याच्या सभागृहात सकाळी नऊला सुरू झालं. लांब टेबल, त्यामागे तिघं. मधल्या डॉक्टरबाई अध्यक्ष, सगळे त्यांना इबू डॉक्टर म्हणतात, पांढरे केस, चष्मा. त्यांच्या डावीकडे पाक योपी. समोर पास्कलिना एकटी. मागे वेआरची पंधरा-वीस माणसं, आणि पहिल्या रांगेत ओक्तोविनाचा नवरा, मेल्कियास. समुद्रशेवाळ पिकवतो. मांडीवर महिन्याभराची पोर, झोपलेली. पोर वाचली होती. अहवालात तेही नव्हतं, रकानाच नाही.

योपींनी जुना अहवाल वाचायला घेतला. दहा चाळीसवर पोचले तशी मी उभी राहिले.

"तो कागद चुकीचा आहे."

"आपल्याला बोलायची परवानगी..."

"मी योसिना तुहुमुरी. तो कागद छापणारी कृती मी लिहिलीय. त्यातल्या दोन वेळा जकार्ताच्या आहेत आणि बाकीच्या इथल्या. दोन्ही एकाच रकान्यात, कुठली कुठली ते न लिहिता. ही चूक माझी आहे. सुईणीची नाही, यंत्राची नाही, माझी."

योपी म्हणाले, "हे तांत्रिक आहे, नंतर जोडता..."

"तुम्हाला मी चौदा तारखेला पाठवलंय हे! दुपारच्या आत तुमचं उत्तर आलं! वाचू का उत्तर?" ओरडले मी. सभागृह दणाणलं. पोर जागी होऊन रडायला लागली. मेल्कियासनं तिला खांद्यावर घेतली.

इबू डॉक्टरांनी चष्मा काढला. "वाचा."

वाचलं. मग त्यांनी नवा अहवाल मागितला, आणि म्हणाल्या, साध्या भाषेत सांगा. मी फळ्यावर दोन घड्याळं काढली आणि वेळा एकाखाली एक लिहिल्या. बाई आली, बारा वीस. बोट मागितली, बारा चाळीस. पोर जन्मली, एक दहा. बोट धक्क्याला, दोन पाच. बाई बोटीत, अडीच. इस्पितळात मृत्यू, चार दहा.

"म्हणजे सुईणीनं उशीर केला नाही," इबू डॉक्टर म्हणाल्या.

"नाही. बोट लागल्यावर पंचवीस मिनिटांत तिनं बाईला बोटीत घेतलं. ओहोटीतून, दवाखान्याचं दार उचकटून त्यावर घालून. वेआरच्या लोकांनी सांगितलं मला."

संपलं, असं वाटलं मला. खडू ठेवला. खरं सांगायचं तर छाती जरा फुगलीही होती.

तेव्हा मेल्कियास उभा राहिला. हळू आवाज. "मला एक विचारायचंय. मी शाळा फार शिकलो नाही. पण तिथे बारा चाळीस लिहिलंय, आणि त्याखाली दोन पाच."

"हो," मी म्हटलं.

"समोरच्या बेटावरून आमच्या धक्क्याला यायला पाव तास लागतो. माझ्या होडीला वीस मिनिटं. मग बोट सव्वा तासाच्या वर कुठे होती?"

मी फळ्याकडे बघितलं. माझ्याच हातानं लिहिलेलं. पंधरा दिवस मी त्या दोन आकड्यांकडे बघत होते, दोन तास इकडे, दोन तास तिकडे, आणि त्यांच्यामधलं अंतर मी एकदाही मोजलं नव्हतं. ते तर चुकीच्या कागदावरही तेवढंच होतं. पंच्याऐंशी मिनिटं.

योपी कागद जुळवत होते. मग दाराजवळून आवाज आला. बोटवाला, बर्नाबस. म्हातारा, टोपी हातात चुरगाळत.

"खुर्च्या आणायला."

"काय?" इबू डॉक्टर म्हणाल्या.

"त्या दिवशी संध्याकाळी खात्याचा कार्यक्रम होता. पाक योपींनी सांगितलं, बोट घे आणि पलीकडच्या बेटावरून प्लास्टिकच्या खुर्च्या आण. शंभर. मला मागणी दिसली फोनवर, इबू. मी विचारलं, आधी वेआरला जाऊ का? म्हणाले, आधी खुर्च्या उतरव."

पास्कलिनानं तोंडावर हात ठेवला. बावीस वर्षं बाळंतपणं केलेली सुईण, आणि ती त्या क्षणी लहान पोरीसारखी दिसली. ती महिनाभर स्वतःलाच विचारत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आणखी काय करता आलं असतं, हेच.

मेल्कियास खाली बसला नाही. योपींकडे बघत राहिला. खांद्यावर पोर. इतका वेळ बघत राहिला की शेवटी इबू डॉक्टरांनी सभा तहकूब केली.

मंगळवार, २१ मार्च

परतीच्या विमानात. झोप नाही. शंभर खुर्च्या. एका बोटीत शंभर मावतील का? दोन फेऱ्या केल्या असतील.

माझा कागद नसता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. मी योपींना दोष द्यायला सुईण काढून दिली, आणि त्यांना बोट लपवायला जागा मिळाली. आणि ते निरोपात 'आभार' का म्हणाले ते मला आज कळतंय. मी तेव्हा कौतुक समजले होते.

शुक्रवार, ३१ मार्च

निकाल आला. पास्कलिनावरचे आरोप मागे. बर्नाबसला ताकीद. बर्नाबसला! खरं बोलला म्हणून की काय? आणि योपींची 'प्रशासकीय कारणास्तव' बदली, जमिनीच्या खात्यात. पगार तोच, खुर्ची तीच, बोट मात्र हाताखाली नाही. एवढंच. एका चोवीस वर्षांच्या बाईसाठी एवढंच.

ओम फ्रेडींनी खात्याला पाठवायचं पत्र दाखवलं. "काही तांत्रिक कारणांमुळे वेळ दर्शवण्यात किरकोळ तफावत." मी ते त्यांच्यासमोर फाडलं. दुसरं लिहिलं: चूक कुणाची, कुठली ओळ, कुठून उचललेली, कुणी सुचवलेली सुधारणा कुणी नाकारली. खाली माझं नाव. ओम लालबुंद झाले.

"यावर मी सही करणार नाही."

"तुमची नकोच आहे."

नूर रोज्यात असते सध्या, दुपारी चेहरा उतरलेला असतो. तिनं पत्र वाचलं आणि आपल्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. "माझं नाव कशाला, उसी?"

"कारण तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नव्हतं."

"ते तुला इतक्या लोकांना सांगायचंय?"

"ओरडून सांगायचंय."

ती म्हणाली, "ओरडू नकोस गं. पत्र पुरेसं आहे." आणि स्वतः जाऊन टपालात टाकून आली, भर उन्हात.

शुक्रवार, ७ एप्रिल

ओमनी मला त्या जिल्ह्याच्या कामातून काढलं. खात्यानं मात्र लिहून कळवलं की करार हवा असेल तर काम इबू तुहुमुरींकडेच ठेवा. इबू डॉक्टरांची सही. ओम दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. स्वर्ग म्हणतात तो हाच.

अहवालात नवे रकाने घातले: बाईचं नाव. बाळ: आहे, नाही. मागणी ते बोट: किती मिनिटं. हा शेवटचा आकडा सगळ्यात वर, ठळक. कुणाला मोजायचे कष्ट नकोत.

बुधवार, १२ एप्रिल

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर ओळ आली. वेआर. बोट हवी. ०९.१२, पूर्व विभाग. मागणारी: पास्कलिना रेन्यान. ती कामावर परतलीय हे मला त्या ओळीवरून कळलं. मला ती काही कळवणार नाही, आणि का कळवावं?

पेशंटचं नाव फ्रांसिना, वय एकोणीस.

मी उभी राहिले. नूर येऊन शेजारी उभी राहिली. नऊ वीस. नऊ पंचवीस. मी टेबलाची कड धरली होती.

नऊ अठ्ठावीसला दुसरी ओळ आली. बोट धक्क्याला. पावणेदहाला बाई बोटीत. साडेअकराला इस्पितळातून: मुलगा, दोघं ठीक.

नूर खुर्चीत बसली आणि डोळे पुसायला लागली. ऑफिसातले बाकीचे टाळ्या वाजवत होते. ओमसुद्धा बाहेर आले, म्हणाले, "बघ, आता हस तरी."

मला हसू येईना. मी त्या वरच्या ठळक आकड्याकडे बघत होते. सोळा मिनिटं.

म्हणजे येता येतं त्यांना. तेव्हाही आलं असतं.